बीबी येथील पाणबुडीची लांकडी प्रतिकृति

बुलढाणें जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत, मेहकराहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बीबी हें गांव आहे. समुद्र येथून सरळ रेषेनें साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. मोठें पाणी म्हणून दाखवावयाचें तर लोणारचें खारें सरोवर तेवढें जवळ. अशा या गांवीं एका शेतकरी कुटुंबांत पाणबुडीची एक हातानें घडविलेली लांकडी प्रतिकृति आहे. ती आम्हांस गेल्या वर्षीं दाखविण्यांत आली. तिच्याविषयीं तीन गोष्टी सांगण्यांत येत होत्या. ती दुसऱ्या महायुद्धांत, युद्ध चालूं असतां, जहाजावर घडविली. ती घडविणारा पाणबुडीवर नोकरीस होता. आणि ज्या पाणबुडींतून सुभाषचंद्र बोस आले तिचीच ती प्रतिकृति आहे. या तिन्हींपैकीं एकही गोष्ट टिकत नाहीं असें आमचें मत झालें आहे. तें कां झालें, आणि त्या गोष्टी वजा करून त्या वस्तूंत काय उरतें, हें प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे.

वस्तूचे सध्यांचे धनी हे आमचे एके काळचे विद्यार्थी. प्रतिकृति त्यांच्या आजोबांची. शहरांतील एका व्यापाऱ्यानें तिला गिऱ्हाईक आणलें होतें. पदकें, शिरस्त्राणें, होकायंत्रें अशा युद्धस्मृतिवस्तु जमविणारांचा अलीकडे एक वर्गच झाला आहे. परंतु कोणा संशोधकाच्या सहीचा कागद सोबत असल्यास किंमत दुप्पट, असें त्यानें सांगितलें. "गुरुजी, दोन ओळी लिहून द्या, लेकीची यंदाची फी निघंल," असें धनी म्हणाले. अशा वेळीं लेखणी जड होते हें खरें. पण पुष्पिकेंतील एका आंकड्याचा फराटा वाढवून शंभर वर्षें जुनी केलेली पोथी या पत्राच्या वाचकांपैकीं कोणीं पाहिली नाहीं? पोथीला जो न्याय तोच लांकडाला. आम्हीं प्रतिकृति चार दिवसांसाठीं मागून घेतली.

प्रतिकृतीची लांबी ५४ सेंटिमीटर, मध्यावरील रुंदी साडेसहा. सर्व धड एकाच अखंड बाभळीच्या लांकडाचें असून तें हातांत घेतांच वजनानें चकित करतें. दोन्ही कुशींवर लांबट फुगवटे कोरलेले आहेत. मध्याच्या किंचित् पुढें मनोरा, तो दोन तुकड्यांचा. मनोऱ्यापुढें एक लहान तोफ, तिची नळी पितळेच्या तारेची. नाळेला चार भोंकें, पिछाडीला एक. मागें पितळी पत्र्याचे दोन पंखे आहेत व त्यांचीं पातीं एकमेकांच्या उलट दिशेस पिळलेलीं आहेत. हें काम फार सफाईचें आहे. पंख्यांच्या मध्यें एकच सुकाणूं. सर्व प्रतिकृति काळ्या रंगाची असून मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंस तांबडें वर्तुळ काढलेलें आहे. ती एका फळीवर उभी केली आहे, आणि फळी व धड यांमध्यें खांब म्हणून रायफलीच्या काडतुसांचीं चार रिकामीं पितळी कवचें बसविलेलीं आहेत.

प्रथम त्या तांबड्या वर्तुळाचा विचार करूं, कारण व्यापाऱ्याचा सारा डोलारा त्यावर उभा होता. सुभाषबाबूंच्या जलप्रवासाची हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. तथापि त्यांत पाणबुड्या दोन होत्या हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. फेब्रुवारी १९४३ मध्यें ते आबिद हसन यांच्यासह जर्मनींतील कील बंदरांतून यू-१८० या जर्मन पाणबुडींतून निघाले. आफ्रिकेस वळसा घालून, एप्रिलच्या अखेरीस, मादागास्करच्या बाजूस हिंदी महासागरांत तिची आणि आय-२९ या जपानी पाणबुडीची गांठ पडली. खवळलेल्या समुद्रांतून रबरी होडीनें ते दोघे जपानी पाणबुडीवर गेले, आणि मे महिन्यांत सुमात्राच्या उत्तरेस साबांग येथें उतरले. वर्तुळ जपानचें, म्हणून पाणबुडी आय-२९, असा व्यापाऱ्याचा तर्क.

आय-२९ ही सुमारें १०९ मीटर लांबीची प्रचंड पाणबुडी होती. तिच्या मनोऱ्यापुढें एक लहान समुद्री विमान ठेवण्याची बंद कोठी होती, आणि तेथून नाळेकडे तें विमान फेंकण्याची पट्टी गेलेली होती. सबब तिची तोफ मनोऱ्याच्या मागें. नाळेंत टॉर्पेडोच्या सहा नळ्या, पिछाडीस एकही नाहीं. आमच्या प्रतिकृतींत कोठी नाहीं, पट्टी नाहीं, तोफ पुढें आहे, आणि नळ्या पुढें चार व मागें एक. एखादा कारागीर नळ्यांच्या संख्येंत चुकेल. पण ज्यानें पितळेचे पंखे उलटसुलट पिळले तो विमानाची कोठी विसरेल आणि तोफ मनोऱ्याच्या दुसऱ्या बाजूस नेईल, हें संभवत नाहीं. मग यू-१८० म्हणावी काय? तिची लांबी ८७.६ मीटर, तोफ मनोऱ्यापुढें, हें जमतें; पण त्या जातीच्या पाणबुडीला मागें दोन नळ्या असत आणि वरची सपाटी चांगली रुंद असे. आमच्या प्रतिकृतीची सपाटी अरुंद असून कुशींचे फुगवटे तिच्याबाहेर स्पष्ट डोकावतात.

येथें थोडें विषयांतर करणें आम्हांस अवश्य वाटतें. नेताजींची पाणबुडी म्हणून जी वस्तु कोणी दिवाणखान्यांत मांडूं इच्छितो, त्यानें आय-२९ चा पूर्ववृत्तांतही ध्यानांत घ्यावा. 'तिलावा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजीं मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर ७३२ उतारू, २२२ खलाशी व ४ गोलंदाज होते; उतारू बहुतेक हिंदी, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेंत पोटासाठीं किंवा आपल्या कुटुंबाकडे निघालेले. २३ तारखेस सेशेल्स बेटांच्या ईशान्येस भर समुद्रांत आय-२९ नें तिच्यावर टॉर्पेडो सोडला. लोक होड्यांत उतरले, कांहीं परत बोटीवर चढूं लागले, तोंच दुसरा टॉर्पेडो लागला. २८० माणसें गेलीं. ६७८ वांचलीं, त्यांतील बहुतेकांस 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेनें २७ तारखेस मुंबईस आणून पोंचविलें. बोटीबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठीं पाठविलेली सुमारें ६० टन चांदी बुडाली होती. तिच्या २३६४ लगडी २०१७ सालीं समुद्रतळांतून काढण्यांत आल्या आणि त्यांवरील तंटा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ सालीं त्याचा निकाल लागला. चांदीची नोंद लगडीगणिक झाली. बुडालेल्या हिंदी उतारूंविषयीं आपल्या भाषेंत किती लिहिलें गेलें तें वाचकांनींच आठवून पाहावें. या घटनेनंतर पांच महिन्यांनीं त्याच पाणबुडीनें सुभाषबाबूंस आपल्या पोटांत घेतलें. पुढें २६ जुलै १९४४ रोजीं 'सॉफिश' या अमेरिकन पाणबुडीनें लुझॉनजवळ आय-२९ बुडविली. इतिहास हा असा एकाच लांकडाचा असतो. संग्राहकास त्याची एकच बाजू रंगवून हवी असते.

असो. वर्तुळ कोणीं आणि केव्हां काढलें हा प्रश्न उरला. मनोऱ्याचा वरचा तुकडा ज्या स्क्रूनें बसविला आहे त्याच्या माथ्यावर चौफुलीची खाच आहे. असे स्क्रू अमेरिकेंत १९३६ च्या सुमारास प्रचारांत आले. आपल्या खेड्यांतील सुताराच्या पेटींत ते येण्यास बरींच वर्षें लागलीं. प्रतिकृतीचे इतर सर्व स्क्रू एका सरळ खाचेचे आहेत. धन्यांच्या संमतीनें आम्हीं तो तुकडा सोडविला. खालीं काळा रंग नव्हता. तेथें करडा रंग अखंड पसरलेला होता आणि त्याच्यावर धुळीचा एक पातळ थर बसून घट्ट झालेला होता. म्हणजे मूळ प्रतिकृति करडी; पुष्कळ वर्षांनीं तिच्यावर वरचा तुकडा बसला, मग सर्वांवर काळा रंग चढला, आणि सर्वांत शेवटीं तांबडें वर्तुळ आलें. ग्रंथसंपादनाच्या भाषेंत बोलावयाचें तर वर्तुळ हा प्रक्षेप होय. प्रक्षेप म्हटला कीं तो लबाडीचाच असतो असें मात्र नाहीं, हें पुढें दिसेलच.

प्रक्षेप काढून टाकल्यावर जी मूळ करडी पाणबुडी राहते ती कोणत्या जातीची? तोफ पुढें, नळ्या चार व एक, सपाटी अरुंद, कुशींस फुगवटे, हीं सर्व लक्षणें जर्मनांच्या सातव्या वर्गाच्या पाणबुडीस लागूं पडतात. या वर्गाच्या एकंदर सातशेंहून अधिक पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यांतील सर्वांत संख्येनें मोठा जो पोटवर्ग, त्यांतील पाणबुडीची लांबी ६७.१ मीटर व रुंदी ६.२ मीटर. लांबीरुंदीचें प्रमाण तेथें जवळजवळ अकरास एक पडतें, आमच्या प्रतिकृतींत आठास एक. पण लांकूड जेवढें मिळालें तेवढ्यांत पोट बसवावयाचें म्हटल्यावर या प्रमाणावर भार देणें बरें नव्हे. महत्त्वाची गोष्ट ही कीं, या वर्गाच्या नेहमींच्या पाणबुड्यांचा वावर मुख्यतः अटलांटिक व भूमध्य समुद्रांत होता. हिंदी महासागरांत जर्मनांनीं पाठविल्या त्या बहुतेक लांब पल्ल्याच्या, नवव्या वर्गाच्या. म्हणजे मूळ कारागिरानें आपल्या समुद्रांत जी पाणबुडी पाहण्याचा संभव, ती त्यानें घडविली नाहीं. आणि जी घडविली, ती पाहण्याचा संभव फार थोडा.

या कोड्याचा उलगडा सुकाणूंत आहे. सातव्या वर्गाच्या अगदीं पहिल्या कांहीं पाणबुड्यांस एक सुकाणूं होतें; पुढच्या सर्वांस, प्रत्येक पंख्यामागें एक, अशीं दोन. आमच्या कारागिरानें पंखे दोन केले आणि सुकाणूं एकच, जसें तें साध्या जहाजास पुष्कळदां असतें. त्याच्या डोळ्यांपुढें पाण्यावरचा आकार होता, पाण्याखालचा नव्हता. पाण्याखालचा भाग त्यानें स्वतःस ठाऊक असलेल्या दुसऱ्या एखाद्या जहाजावरून भरून काढला. लेखकाच्या हातून पोथींत ज्या चुका पडतात त्यांवरून त्याच्यापुढील आदर्श प्रत कोठें फाटलेली होती हें जसें कळतें, तसेंच हें. आदर्श प्रत म्हणजे येथें चित्र असावें. शत्रूच्या जहाजांचीं व पाणबुड्यांचीं ओळखचित्रें नौदलांत शिकविलीं जात. शिवाय २७ ऑगस्ट १९४१ रोजीं आइसलंडच्या दक्षिणेस ब्रिटिशांच्या हातीं लागलेली यू-५७० ही याच वर्गाची पाणबुडी 'ग्राफ' या नांवानें ब्रिटिश नौदलांत दाखल झाली, आणि तिचीं छायाचित्रें सर्वत्र प्रसिद्ध झालीं. कारागिरानें नेमकें कोणतें चित्र पाहिलें तें ठरविण्यास साधन नाहीं व त्याची जरूरीही नाहीं.

आतां कारागिराकडे येऊं. "आजोबा पाणबुडीवर होते" असें घरांत सांगतात. हें शक्य नाहीं. त्या काळच्या रॉयल इंडियन नेव्हीकडे पाणबुडी नव्हती. हिंदुस्थानच्या नौदलांत पहिली पाणबुडी 'कलवरी' ही ८ डिसेंबर १९६७ रोजीं दाखल झाली, तीही रशियांत बांधलेली. पण आजोबा नौदलांत होते हें मात्र निश्चित. पत्र्याच्या पेटींत त्यांच्या सेवापुस्तिकेचें एक पान राहिलें आहे. भरतीचें साल १९४३, काम स्टोकरचें, म्हणजे इंजिनघरांतील, आणि मुक्ततेचें साल १९४६ एवढें त्यावर स्वच्छ वाचतां येतें. जेथें जहाजाचें नांव असावयाचें तेथें वाळवीनें भोंक पाडलेलें आहे. इंजिनघरांतला माणूस हें कळल्यावर पंख्यांच्या सफाईचें आम्हांस नवल वाटेनासें झालें.

रॉयल इंडियन नेव्हीचे खलाशी पूर्वी मुख्यतः रत्नागिरीकडील असत. युद्धकाळीं भरती वाढली तेव्हां समुद्र कधीं न पाहिलेल्या प्रांतांतूनही माणसें घेतलीं गेलीं. त्यांच्या वांट्यास पाणबुडी आली ती शत्रूची. 'जमना' या नौकेनें दोन ऑस्ट्रेलियन नौकांसह ११ फेब्रुवारी १९४४ रोजीं बंगालच्या उपसागरांत आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडविली. आमच्याच नदीचें नांव धारण करणारी 'गोदावरी' हिनें 'फिंडहॉर्न' या ब्रिटिश नौकेच्या साथीनें १२ ऑगस्ट १९४४ रोजीं सेशेल्सजवळ यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडविली. तींतील एकही माणूस वांचला नाहीं. (फाळणींत 'गोदावरी' पाकिस्तानकडे गेली आणि तिचें नांव 'सिंध' झालें, नद्यांच्या नांवांचेंही असें होतें.) वाळवीनें खाल्लेल्या जागीं 'गोदावरी' वाचण्याचा मोह आम्हांस झाला हें कबूल करतों. व्यापाऱ्यासही तो झाला असता. भोंकाच्या कडेस एक उभी रेघ आहे. तेवढ्यावरून कोणतेंही नांव उभें करतां येईल, म्हणून कोणतेंच करूं नये. इंजिनघराच्या खलाशांच्या शिक्षणासाठीं १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं लोणावळ्यास 'शिवाजी' हें केंद्र सुरू झालें. तेथें आजोबा होते किंवा नव्हते, पान कांहीं सांगत नाहीं.

काडतुसांची साक्ष अधिक ठाम आहे, पण ती कशाची साक्ष हें नीट समजून घेतलें पाहिजे. चारही कवचें .३०३ रायफलीचीं असून त्यांच्या बुडाशीं खडकीच्या कारखान्याचीं 'के' व 'एफ' हीं इंग्रजी अक्षरें, मधें बाणाची खूण, आणि सालाचे दोन आंकडे ठोकलेले आहेत. तिघांवर ४२, एकावर ४३. व्यापारी म्हणे, "सालच लिहिलेलें आहे, आणखी काय पाहिजे?" हें साल पितळेचें आहे, प्रतिकृतीचें नव्हे. विलायती कागदावरील जलचिन्हांत साल असलें म्हणजे दप्तरांतील पत्र त्याच साली लिहिलें असें कोणी समजत नाहीं. त्याच्या आधीं लिहिलेलें नाहीं एवढेंच समजतें. येथेंही १९४३ च्या पूर्वीं ही बैठक झाली नाहीं, इतकेंच सिद्ध होतें. वरची मर्यादा दुसरीकडे शोधावी लागते.

ती आम्हांस प्रतिकृतीच्या बुडाशीं मिळाली. बैठकीची फळी काढून धड उलटें केलें तेव्हां तळाशीं, एकमेकांपासून ३८ सेंटिमीटरांवर, दोन चौकोनी भोंकें दिसलीं. तीं लांकडाचे ठोकळे ठोकून बुजविलेलीं आहेत. भोंकांच्या आंतल्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या आहेत आणि त्यांत मातीचे काळे कण रुतलेले आहेत. पाणबुडीच्या तळाशीं अशा भोंकांचें कांहीं काम नाहीं. आम्ही दोन दिवस तीं पाहत होतों. मग एके सकाळीं धन्यांच्या गोठ्याबाहेर मोडका वखर पडलेला पाहिला आणि स्वतःचेंच हसूं आलें. वखराच्या खोडाला पास धरणारे दोन खुंट ज्यांत बसतात, तींच हीं भोंकें. जन्म वऱ्हाडांत गेला आणि वखराचें खोड ओळखण्यास दोन दिवस लागले! प्रतिकृतीचें धड म्हणजे वखराचें जुनें, झिजलेलें खोड, दोन्ही टोकांनीं तासलेलें. बाभूळ कां, वजन एवढें कां, पोट प्रमाणाबाहेर जाड कां, या सर्व प्रश्नांचें उत्तर एकदम मिळालें. युद्धावर जाणारा खलाशी काडतुसाचें कवच घरीं आणील. पण वखराचें खोड जहाजावर कोणी नेत नाहीं. प्रतिकृति बीबी गांवींच घडली.

हें आम्हीं धन्यांस सांगितलें तेव्हां त्यांनीं आपल्या आत्याबाईंस बोलावणें पाठविलें. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें. सासर जवळच्याच गांवीं. बाबा गव्हाणीपाशीं बसून वाकस चालवीत, आणि "हें काय करता?" असें विचारलें कीं "होडी" म्हणत, एवढें त्यांस स्पष्ट आठवतें. तेव्हां आपण शाळेंत जाऊं लागलों होतों असें त्या म्हणाल्या. वृद्धांच्या स्मृतीवर एकट्यावर आम्ही तारीख बांधीत नाहीं. येथें ती लांकडाच्या साक्षीशीं जुळते, म्हणून घेतों. त्यावरून प्रतिकृति मुक्ततेनंतरची, १९५० च्या आसपासची ठरते. वर्तुळाविषयीं आम्हीं कांहीं न विचारतांच त्या हंसल्या. गांवच्या गणेशोत्सवांत एका वर्षीं नेताजींचा देखावा केला होता, त्यासाठीं त्यांच्या भावानें, म्हणजे धन्यांच्या वडिलांनीं, घरची होडी काळी रंगविली, वर तुकडा बसविला आणि तांबडा गोल काढला. बाबांस तें आवडलें नाहीं. पण लहान मुलें टाळ्या वाजवीत होतीं म्हणून ते कांहीं बोलले नाहींत. नेताजींची पाणबुडी ही कथा येथून निघाली. प्रक्षेपकर्त्याचा हेतु निर्मळ होता. त्यावर किंमत चढविणारा पुढें आला.

युद्धाच्या संबंधानें हातानें केलेल्या वस्तूंचें हें दुखणें सर्वत्र आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडांत बंदींत पडलेल्या फ्रेंच खलाशांनीं खाण्यांतून उरलेल्या हाडांचीं सुंदर जहाजें घडविलीं. आज तीं मोठ्या किंमतीस जातात, आणि त्यांवरही मागाहून प्रसिद्ध जहाजांचीं नांवें घातलेलीं आढळतात. संग्राहकानें पहिला प्रश्न वस्तु कोणाची हा न विचारतां ती कशाची केली हा विचारावा, असा आमचा आग्रह आहे. नांव कोणीही लिहितो. वखराचें खोड कोणी मुद्दाम आणून घालीत नाहीं.

कायद्याची एक गंमत येथें नोंदवितों. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें सामान्य वस्तूस पुरावस्तु ठरण्यास निदान १०० वर्षें लागतात. इतिहासाच्या दृष्टीनें मोल असलेल्या हस्तलिखितास व कागदपत्रास मात्र ७५ पुरतात. व्यापारी प्रतिकृतीभोंवतीं फिरत होता. पेटींतील वाळवीनें खाल्लेलें पान, ज्याचीं ७५ वर्षें केव्हांच भरलीं, त्यानें हातांतही घेतलें नाहीं. त्या पानाची छायाप्रत आम्हीं करून घेतली आहे, आणि तें कडुनिंबाच्या पाल्यासह कोऱ्या कागदांत गुंडाळून ठेवण्यास सांगितलें आहे.

धन्यांस आम्हीं दोन ओळींऐवजीं हा मजकूर लिहून दिला: "पाणबुडीची प्रतिकृति, जर्मन सातव्या वर्गाची, चित्रावरून. बाभळीच्या वखराच्या खोडांत कोरलेली. बैठकीस खडकी येथील १९४२ व १९४३ ची काडतुसांचीं कवचें. रॉयल इंडियन नेव्हींतील एका स्टोकरानें मुक्ततेनंतर बीबी येथें, अंदाजें १९५० च्या सुमारास केलेली. काळा रंग, मनोऱ्याचा वरचा भाग व तांबडें वर्तुळ मागाहूनचीं." त्यांनीं तो दोनदां वाचला आणि घडी करून खिशांत ठेवला. व्यापाऱ्यानें तो वाचल्यावर प्रतिकृतीचा विषय सोडला व फक्त चार काडतुसें विकत मागितलीं. आत्याबाईंनीं तीं देऊं दिलीं नाहींत.